टेबलाचे भाडे आणि एक ग्रॅम रेडियम

मदतीसाठी खेळ लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनी एकत्र येऊन 'मानापमान'चा जो गाजलेला संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी होता. त्यानंतर शाळेच्या इमारतीसाठी, पूरग्रस्तांसाठी, वाचनालयाच्या कपाटांसाठी गावोगावी किती नाटके आणि किती चित्रपट लागले असतील ह्याची गणतीच नाही.

एका तालुक्याच्या गावातील काही शिक्षकांनी मध्यंतरी असाच एक खेळ लावला. चित्रपट होता २०१९ सालचा 'आनंदी गोपाळ'. रीतसर परवानगी काढून, पावतीपुस्तके छापून, शाळेच्याच सभागृहात खेळ झाला. दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती ठेवायची, हा हेतू. खर्च वजा जाता बऱ्यापैकी रक्कम उरली आणि तिथेच वाद सुरू झाला. एका गटाचे म्हणणे, विज्ञानात पहिल्या येणाऱ्या मुलीला सगळी रक्कम समारंभपूर्वक द्यावी; वर्तमानपत्रात फोटो येईल, पुढच्या वर्षी देणगीदार वाढतील. दुसऱ्या गटाला ती चार-पाच मुलींत वाटायची होती, पण तसे केल्यास प्रत्येकीच्या वाट्याला येणारी रक्कम सांगायलाही संकोच वाटावा इतकी लहान होत होती. तेथील एका बाईंनी आम्हांला पत्र लिहून मत विचारले.

मत देणे सोपे असते. परंतु हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील स्त्रियांपुढे आला होता. त्यांनी त्याची दोन्ही उत्तरे प्रत्यक्ष करून पाहिली, आणि दोहोंचे काय झाले हे आज आपल्याला दिसते. म्हणून तो इतिहासच येथे सांगतो.

सुरुवात एका शिक्षिकेपासून करावी लागते. आयडा हाइड ह्यांचा जन्म १८५७ चा. घरची ओढगस्त, त्यामुळे सोळाव्या वर्षी त्या टोप्यांच्या दुकानात उमेदवारीला लागल्या. पुढे शिकागोच्या शाळांत सात वर्षे शिकवले, पैसे साठवले आणि तिशी उलटल्यावर कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेऊन १८९१ साली पदवी मिळवली. प्राणिशास्त्रात त्यांचे काम इतके चांगले होते की जर्मनीतून बोलावणे आले. पदवीधर स्त्रियांच्या अमेरिकन संघटनेने (ही १८८१ साली स्थापन झाली होती) प्रवासासाठी पाठ्यवृत्ती दिली, आणि हाइडबाई जर्मनीत पोहोचल्या. तेथे प्रयोगशाळेत काम करायला मिळाले, पण स्त्रीला डॉक्टरेट द्यायची की नाही ह्यावर स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात घोळ सुरू झाला. त्या हायडेलबर्गला गेल्या. तेथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म क्यूने हे नामांकित गृहस्थ. 'एन्झाइम' हा शब्द शास्त्रात आणला तो ह्यांनीच. पण स्त्रीला आपल्या व्याख्यानाला बसू द्यायला ते तयार नव्हते. सहायकांनी उतरवून घेतलेली टिपणे वाचून हाइडबाईंनी विषय तयार केला आणि १८९६ साली परीक्षा दिली. उत्तरे सर्वोच्च श्रेणीची होती. परंतु ती श्रेणी स्त्रीला कशी द्यायची? तेव्हा क्यूने महाशयांनी तिच्या खालोखालचा एक नवाच लॅटिन शेरा घडवला. पदवी मात्र दिली.

पदवीनंतर हाइडबाई नेपल्सला गेल्या आणि ऑक्टोपसच्या लालाग्रंथींवर त्यांनी काम केले. नेपल्सच का, हे समजण्यासाठी तेथील प्राणिशास्त्रीय केंद्राची व्यवस्था पाहिली पाहिजे. ॲन्टोन डोर्न ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली समुद्रकाठी हे केंद्र बांधायला घेतले. संशोधनाला पैसा कुठून आणायचा, ह्यावर त्याने एक झकास तोड काढली होती. इमारतीच्या तळमजल्यावर मत्स्यालय, आणि ते तिकीट काढून कोणीही पाहावे. सहलीला आलेले लोक मासे पाहून खूश, आणि त्यांच्या तिकिटांच्या पैशाचा हातभार वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळांना. आमच्या पत्रलेखिका बाईंच्या उपक्रमाची ही थोरली बहीणच म्हणायची.

परंतु नुसत्या तिकिटांवर भागत नव्हते. म्हणून डोर्नने 'टेबल' भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली. एखाद्या देशाने, विद्यापीठाने किंवा संस्थेने वर्षाचे भाडे भरायचे. त्या बदल्यात त्यांनी पाठवलेल्या संशोधकाला काम करायला जागा, काचसामान, रसायने, ग्रंथालय आणि रोज सकाळी कोळ्यांनी आणलेले ताजे सागरी प्राणी मिळायचे. एका टेबलाचे भाडे वर्षाला ५०० डॉलर्स. ज्याच्याकडे टेबल त्याने कोणाला पाठवायचे हे त्याचे त्याने ठरवायचे, डोर्न त्यात पडत नसे. हायडेलबर्गच्या वर्गाचे दार लावून घेता येत होते. भाडे भरलेले टेबल असे नाकारता येत नव्हते.

हाइडबाईंच्या हे नेमके लक्षात आले. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी पुढाकार घेतला आणि १८९७-९८ च्या सुमारास नेपल्समध्ये स्त्रियांसाठी एक टेबल कायम राखणारी संस्था उभी राहिली. वर्गणी ५० डॉलर्स. म्हणजे दहा वर्गणीदार मिळाले की एका वर्षाचे टेबल. ब्रिन मॉर, व्हॅसर, वेलस्ली, स्मिथ, माउंट होल्योक ही स्त्रियांची महाविद्यालये वर्गणीदार झाली, काही संघटना आणि काही व्यक्तीही आल्या. रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॉलो रिचर्ड्स ह्यांचा ह्या कामात मोठा वाटा होता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एम.आय.टी.त, शिकलेली ही पहिली स्त्री. त्यांना प्रवेश दिला तो फी न घेता. ही सवलत आपल्या गरिबीमुळे असावी असा त्यांचा समज होता. पुढे कळले की, कोणी आक्षेप घेतलाच तर 'ही आमची विद्यार्थिनीच नव्हे' असे म्हणता यावे, म्हणून फी घेतलेली नव्हती! पैसे भरण्याला किती अर्थ असतो हे रिचर्ड्सबाईंना वेगळे सांगावे लागले नसेल.

वर्गणीची सवय ह्या वर्तुळांत आधीपासून होती, आणि तिचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरात एक संघटना स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षे दरसाल ठरावीक रक्कम पाठवण्याचे वचन दिले, आणि त्याच बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. 'दहा वर्षे दरसाल' हे शब्द आम्हांला महत्त्वाचे वाटतात. एका सभेत डोळे पुसत दिलेला पैसा आणि दहा वर्षे मनीऑर्डरीने येणारा पैसा ह्यांची जात वेगळी.

टेबल चालू झाल्यावर संस्थेने आणखी एक गोष्ट केली. स्त्रीने प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे केलेल्या उत्तम संशोधनासाठी १००० डॉलर्सचे पारितोषिक ठेवले. त्याला पुढे रिचर्ड्सबाईंचे नाव मिळाले. १९०३ साली ते फ्लॉरेन्स सेबिन ह्यांना लसिकावाहिन्यांच्या उगमावरील कामाबद्दल दिले गेले. ह्या सेबिनबाई जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयाच्या पदवीधर, आणि त्या विद्यालयाची कथाही वर्गणीचीच आहे. बाल्टिमोरच्या ह्या विद्यापीठाला वैद्यकीय शाखा काढायची होती, पण पाच लाख डॉलर्स जमत नव्हते. तेव्हा निरनिराळ्या शहरांतील स्त्रियांनी समित्या करून एक लाखाहून अधिक रक्कम उभी केली आणि उरलेल्यापैकी तीन लाखांहून अधिक डॉलर्स मेरी गॅरेट ह्या एकट्या बाईंनी दिले. अट एकच मुख्य: पुरुषांना ज्या अटींवर प्रवेश, त्याच अटींवर स्त्रियांना. विश्वस्तांना ते फारसे रुचले नव्हते. पण पैसा हवा होता. १८९३ साली पहिला वर्ग भरला त्यात तीन स्त्रिया होत्या. सेबिनबाई १९०० साली तेथून उत्तीर्ण झाल्या.

१९०५ चे पारितोषिक मिळाले नेटी स्टीव्हन्स ह्यांना. शिक्षक वाचकांनी ह्या नावाशी थोडे थांबावे, कारण आपण वर्गात 'XX म्हणजे मुलगी, XY म्हणजे मुलगा' असे फळ्यावर लिहितो ते ह्यांच्यामुळे. स्टीव्हन्सबाई एका सुताराच्या कन्या. ह्याही आधी शाळेत शिकवत होत्या. पैसे साठवून वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८९६ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. नंतर ब्रिन मॉर महाविद्यालयात आल्या, तेथील पाठ्यवृत्तीवर नेपल्सला आणि वुर्झबुर्गला जाऊन आल्या, आणि १९०३ साली डॉक्टरेट मिळवली. पारितोषिक मिळाले ते माव्याच्या, म्हणजे पिकावरील त्या बारीक किडीच्या, प्रजननपेशींवरील निबंधाला. मावा निवडण्यात मौज आहे. उन्हाळाभर माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्ले घालतात, आणि थंडी येऊ लागली की नर दिसू लागतात. मग नर की मादी हे ठरते कुठे? हवेत, अन्नात, की पेशीतच?

ह्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी उत्तर दिले. त्यासाठी उपयोगी पडला तो पिठातला किडा, म्हणजे टेनेब्रिओ नावाच्या भुंग्याची अळी आणि तिचा भुंगा. मादीच्या शरीरपेशींत त्यांना २० मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशींत १९ मोठी आणि एक अगदी लहान. नराच्या शुक्रपेशी दोन प्रकारच्या निघाल्या: निम्म्यांत दहा मोठी गुणसूत्रे, निम्म्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान. पहिल्या प्रकारच्या शुक्रपेशीने अंडे फलित झाले तर मादी, दुसऱ्याने तर नर. गर्भाचे लिंग आईच्या आहारावर वा ऋतुमानावर ठरते अशा त्या काळच्या अनेक मतांना ह्या एका लहानशा गुणसूत्राने छेद दिला. (आईला मुलीच होतात म्हणून तिला दोष देणाऱ्या आपल्या समाजात ह्या १९ अधिक १ चा हिशेब अजून पुरेसा पोहोचलेला नाही, हे जाता जाता.) एडमंड विल्सन हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षावर आले होते, आणि पुढे बराच काळ श्रेय त्यांच्याकडेच अधिक गेले. स्टीव्हन्सबाईंसाठी ब्रिन मॉरने संशोधन-प्राध्यापकाचे खास पद निर्माण केले, पण ते हाती येण्याआधीच, १९१२ साली, स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. संशोधनाला उणीपुरी बारा वर्षे मिळाली होती.

आता दुसरे उत्तर. 'डिलिनिएटर' ह्या अमेरिकन स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका मेरी मेलोनी मे १९२० मध्ये पॅरिसला मेरी क्युरी ह्यांना भेटल्या. आपल्याला सर्वांत अधिक काय हवे आहे, असे त्यांनी विचारले. उत्तर आले, संशोधनासाठी एक ग्रॅम रेडियम. अमेरिकेत त्या वेळी सुमारे ५० ग्रॅम रेडियम होते आणि कोणत्या शहरात किती हेही क्युरीबाईंना तोंडपाठ होते. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत जेमतेम एक ग्रॅम. रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व ह्या दांपत्याने घेतले नव्हते, त्यामुळे जगभर चाललेल्या रेडियमच्या धंद्यातून त्यांना काही मिळत नव्हते. एका ग्रॅमची किंमत होती एक लाख डॉलर्स.

मेलोनीबाईंनी आधी दहा श्रीमंत स्त्रियांकडून दहा-दहा हजार मिळवण्याचा बेत केला. तीनच मिळाल्या. मग त्यांनी तो नाद सोडला आणि अमेरिकेतल्या सर्वच स्त्रियांपुढे झोळी पसरली. वर्षभराच्या आत एक लाख जमले. ११ मे १९२१ रोजी क्युरीबाई दोन्ही मुलींसह न्यूयॉर्कला उतरल्या, आणि सत्कारांचा असा मारा सुरू झाला की हस्तांदोलने करून करून त्यांचा हात गळ्यात बांधावा लागला. कार्नेगी हॉलमध्ये विद्यापीठीय स्त्रियांची प्रचंड सभा भरली आणि तेथे त्यांना २००० डॉलर्सचे एलन रिचर्ड्स पारितोषिक देण्यात आले. टेबलवाल्या संस्थेचेच हे पारितोषिक. दोन्ही प्रवाह त्या संध्याकाळी एका व्यासपीठावर आले होते. २० मे रोजी अध्यक्ष हार्डिंग ह्यांनी व्हाइट हाउसमध्ये शिशाच्या पेटीची किल्ली त्यांच्या हाती दिली. आपल्या 'संयुक्त मानापमान'च्या आधी बरोबर सात आठवडे.

त्या समारंभाच्या आदल्या संध्याकाळची एक हकीगत त्यांची कन्या ईव्ह हिने आईच्या चरित्रात सांगितली आहे. दानपत्राचा मसुदा क्युरीबाईंपुढे ठेवला गेला. त्यांनी तो वाचला आणि सही करायला नकार दिला. मसुद्यानुसार रेडियम त्यांना व्यक्तिशः मिळत होते. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ते मुलींच्या मालकीचे झाले असते. हे विज्ञानाचे आहे, प्रयोगशाळेच्या नावावर करा, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आठवड्यात बघू, असे मेलोनीबाई म्हणाल्या. क्युरीबाईंनी ऐकले नाही. त्याच रात्री वकील शोधून आणावा लागला. ज्या बाईंनी आम्हांला पत्र लिहिले त्यांच्या खेळाचे पैसे मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक बचत खात्यावर होते! त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण वाईट हेतू अमेरिकेतल्या त्या मसुद्यातही नव्हता.

हा एक ग्रॅम सत्कारणी लागला ह्यात शंका नाही. (रेडियमचा अर्धायुकाल १६०० वर्षांचा. १९२१ सालच्या त्या ग्रॅमपैकी आज किती शिल्लक असेल, हे गणित बारावीच्या वर्गाला जरूर घालावे. उत्तर ९५ टक्क्यांहून थोडे अधिक येते.) १९२९ साली वॉर्साच्या रेडियम संस्थेसाठी दुसऱ्या ग्रॅमचे पैसेही अमेरिकेतून मिळाले, तोवर बेल्जियन काँगोतील खनिजामुळे किंमत निम्म्यावर आली होती. परंतु हा निधी जमवताना स्त्रियांना जे सांगितले गेले ते थोडे तपासावे लागते. मासिकातला सगळा भर होता तो कर्करोगाच्या लाखो रुग्णांवर आणि त्यांना वाचवणाऱ्या त्यागमूर्ती मातेवर. खुद्द क्युरीबाईंनी व्हॅसर महाविद्यालयातल्या भाषणात स्पष्ट सांगितले की रेडियम सापडले तेव्हा ते रुग्णालयात उपयोगी पडेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, ते निखळ विज्ञानाचे काम होते. पण वर्गणीदारांच्या मनात राहिली ती मातेचीच प्रतिमा. १९४३ साली हॉलिवुडने 'मादाम क्युरी' हा चित्रपट काढला आणि ती पडद्यावर आणखी उजळली.

विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट रॉसिटर ह्यांनी ह्याची दुसरी बाजू दाखवली आहे. ह्या गाजावाजानंतर अमेरिकेतील सामान्य स्त्री-संशोधकांच्या नोकऱ्या वाढल्या नाहीत. उलट, जागा मागायला जाणारी प्रत्येकजण मनातल्या मनात क्युरींशी ताडली जाऊ लागली, आणि अर्थातच कमी पडू लागली. सहकारी पुरुषाकडून मात्र तो न्यूटन असल्याची अपेक्षा कोणी करत नसे. आमचे मत असे की चित्रपट दाखवून निधी उभारणाऱ्यांना हा धोका विशेष आहे. चित्रपटाला नायिका लागते, आणि ती एकच लागते. खेळ संपल्यावर तिकीट काढून आलेल्या माणसाला आपले पैसे तशाच एका नायिकेला जावेत असे वाटणे स्वाभाविक असते.

टेबलाच्या संस्थेकडे असे नाट्य काहीच नव्हते. पाचशे डॉलर्स भाडे, दर वर्षी, आणि त्या टेबलाशी बसणारी बाई पुढे मोठी होईल की नाही ह्याची कोणतीही हमी नाही. म्हणूनच ते टेबल आम्हांला अधिक मोलाचे वाटते. मात्र ह्या संस्थेची शेवटची कृती आमच्या मते चुकीची ठरली. १९३२ साली, पस्तीस वर्षांच्या कामानंतर, तिने स्वतःचे विसर्जन केले. कारण असे दिले की स्त्रियांना आता संशोधनात पुरुषांच्या बरोबरीने संधी मिळते, तेव्हा उद्देश सफल झाला.

त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मारिया गेपर्ट-मायर नावाच्या एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ काम करत होत्या. पती तेथेच प्राध्यापक. त्यामुळे पत्नीला रीतसर नोकरी देता येत नाही असे सांगून त्यांना बसायला एक जागा तेवढी दिली होती. पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद त्यांना १९६० साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात मिळाले. १९६३ साली अणुकेंद्राच्या रचनेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. भौतिकशास्त्रात क्युरींनंतरच्या ह्या पहिल्याच स्त्री.

बाईंना आम्ही लिहिले ते एवढेच: खाते संस्थेच्या नावावर करा, आणि रक्कम गुणांच्या टक्केवारीला न देता अडलेल्या खर्चाला द्या. त्यांचे उत्तर आले. त्यांच्या गावात अकरावी विज्ञानाचा वर्ग नाही. तालुक्याबाहेरच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके दुपारी उशिरा संपतात, तोवर शेवटची एस.टी. निघून गेलेली असते, आणि त्याच कारणाने मुली कला शाखा घेतात. प्रात्यक्षिकाच्या दोन दिवशी परतीसाठी एक जीप ठरवली आहे. भाडे वर्षाचे, जागा सात. पुढच्या वर्षीही खेळ लावावा लागणार आहे, आणि ह्या वेळी कोणता चित्रपट घ्यावा असे त्यांनी विचारले आहे.